दिंडीच्या ट्रॉलीचे टायर आणि वजन: मदत हवी आहे

राम कृष्ण हरी मंडळी. आमची दिंडी गंगाखेडहून परळी, अंबाजोगाई करत आषाढीला पंढरपूरला जाते. चारचाकी ट्रॉलीत तंबू, भांडी, किराणा आणि मागच्या टोकाला १००० लिटरची टाकी; भरली की नुसतं पाणीच १ टन.

गेल्या साली मागचा टायर फुटला. नक्षी जाड होती, पण बाजूला बोटभर भेगा. टायरवर छापलेला तारखेचा आकडा २३१४, म्हणजे २०१४च्या २३व्या आठवड्यातला माल!

यंदा काट्यावर पुढचा-मागचा आक्सल वेगळा तोलणार आहे. टाकी मधोमध घेऊ का? अर्धी भरली तर पाणी हिंदकळून ट्रॉली डोलते. हवा टायरवर छापलेल्या पीएसआयएवढीच (हवेच्या दाबाचं माप) ठेवायची का वजनाप्रमाणे? दमलेल्या म्हाताऱ्या माळकरी बाया ट्रॉलीतच बसतात, जीव टांगणीला लागतो. अनुभव असलेल्यांनी लवकर सांगा.