टायगरचा पुढचा पाय काढावा का? हाडाचा कॅन्सर, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा

नमस्कार. लातूर जिल्ह्यातून लिहितेय. आमचा टायगर, जर्मन शेफर्ड, ८ वर्षांचा, वजन ३४ किलो. अण्णांसोबत रानातच राहतो, गोठ्यावर. मी नोकरीमुळे लातूरला असते, शनिवार-रविवार गावी.

येळवशीला (वेळ अमावस्येला) सगळी पाहुणेमंडळी रानात आली होती तेव्हा टायगर लेकरांमागं नुसता पळत होता आणि संध्याकाळी पुढचा डावा पाय उचलून धरायला लागला. आम्हाला वाटलं काटा मोडला असंल. अण्णांनी पाय बघितला, काही सापडलं नाही, मग लचकलाय म्हणून मिठाच्या पाण्यानं शेकलं. तालुक्याला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आठ दिवस बरा वाटला, परत तेच. असे दोन महिने गेले. मनगटाच्या वर सूज कडक झाली तेव्हा एक्स-रे काढला, तर हाड वाळवीनं खाल्ल्यासारखं दिसतंय. तपासणीचा रिपोर्ट आला, ऑस्टिओसारकोमा. ते दोन महिने माझ्या डोक्यातून जातच नाहीत, रोज रात्री तेच, आधी एक्स-रे काढला असता तर.

डॉक्टर म्हणाले छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे पण हा कॅन्सर दिसायच्या आधीच फुफ्फुसात बारीक पसरलेला असतो, १० पैकी ९ कुत्र्यांत. पाय काढला तर दुखणं थांबेल, नुसता पाय काढून साधारण ४-५ महिने, आणि सोबत दर ३ आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन ह्या केमोच्या औषधाचे ४ ते ६ डोस दिले तर १०-१२ महिने, काही थोडे दोन वर्षंही काढतात. नाहीतर वेदनेच्या गोळ्या आणि मग शेवटचं इंजेक्शन.

अण्णा कायच बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "लै पळालंय ते रानभर, तीन पायावर कसं ठिवायचं गं त्याला?" आणि उठून बाहेर गेले. ते त्याच्याजवळच बाज टाकून झोपतात हल्ली. भाऊ म्हणतो पुण्याला आणा, पण सव्वातीनशे किलोमीटर त्याला गाडीत त्या पायानं न्यायचं, तेही दर तीन आठवड्यांनी? गावातले लोक म्हणतात माणसाला पैसा पुरंना अन कुत्र्याला केमो. बोलू देत, पण अण्णांसमोर बोलतात त्याचा त्रास होतो.

मला आकड्यांपेक्षा हे कळायला पाहिजे की एवढं मोठं कुत्रं पुढचा पाय नसताना खरंच चालतं का. आमची काळी माती, जूनमध्ये चिखलात माणसाचा पाय निघत नाही. पाय काढणं हे त्याच्यासाठी करतोय का आमच्यासाठी, ह्यावर येऊन मी अडकलेय.

प्रतिसाद १ (नांदेड)
ताई, आधी एक. ते दोन महिने मनातून काढा. म्हातारं होत चाललेलं मोठं कुत्रं लंगडलं की सगळेच आधी लचक समजतात, आणि तुमचे डॉक्टर म्हणतायत तसं हा आजार आधीच पसरलेला असतो.
आमच्या लॅबचा मागचा पाय काढला होता. पुढचा थोडा अवघड, कारण अंगाचा जास्त भार पुढं असतो, पण कुत्री शिकतात, आणि तुमचा टायगर तसाही आत्ता तीन पायांवरच चालतोय की, चौथा नुसता दुखतोय. आमच्याकडचे पहिले दोन दिवस फार वाईट गेले, खोटं सांगणार नाही, रात्रभर कण्हत होता. तिसऱ्या दिवशी पोटाखालून पंचा घालून उचलून धरला तर स्वतःच मुतायला गेला. टाके १०-१४ दिवस जपा. वजन वाढू देऊ नका. केमोनं केस फारसे जात नाहीत, माणसापेक्षा डोस हलका ठेवतात, पण डोसनंतर काही दिवस त्याचं शी-शू हातमोजे घालून काढा. आमचा ९ महिने होता. त्यातले शेवटचे १५ दिवस सोडले तर मजेत.
आणि घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चुकूनही देऊ नका.

प्रतिसाद २
मी उलटी बाजू सांगते. आमच्या कुत्रीचे दोन्ही मागचे सांधे आधीच गेले होते म्हणून पाय काढला नाही, गोळ्यांवर ठेवली. तुम्ही पण बाकीचे तीन पाय नीट तपासून घ्या, निर्णय त्यावर आहे. गोळ्यांवर ठेवलं तर ट्रॉलीत, ओट्यावर उडी मारू देऊ नका, ते हाड साध्या उडीनं मोडतं. मी कॅलेंडरवर रोज खूण करायचे, जेवली, शेपटी हलवली, उठून दारात आली तर बरोबर, नाही तर फुली. फुल्या जास्त झाल्या तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. ताई, तो दिवस तुम्ही ठरवा, अण्णांवर टाकू नका.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचेही. काल रात्री फोनवरून अण्णांना सगळं वाचून दाखवलं, पंचाचं दोनदा वाचायला लावलं. आज सकाळी फोन आला की टायगरला दूध-भाकर चारलीय, आणि मंगळवारी उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजला मी पण येणार, ज्वारी चार दिवस राहू दे उभी. तिथं आधी रक्त आणि बाकीचे पाय तपासून घेऊ, मग ठरवू.
एक राहिलंच, नांदेडवाले दादा, ऑपरेशननंतर खाली काय अंथरलं होतं? गोठ्यात कडबा आहे पण तो टाक्यांना टोचेल का?