‘त्या काळी असेच होते’: ‘आउटलँडर’ वाचल्यानंतरचे अनुभव

डायना गॅबाल्डन यांची १९९१ साली प्रसिद्ध झालेली ‘आउटलँडर’ ही कादंबरी गेले चार महिने कोल्हापुरातील आमच्या रविवारच्या वाचनगटात फिरत होती. ती माझ्याकडे परत आली तेव्हा गटात सरळ दोन तट पडलेले होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेली क्लेअर युद्ध संपल्यावर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसला येते, टेकडीवरच्या उभ्या शिळांच्या रिंगणातून १७४३ मध्ये जाऊन पडते, आणि परिस्थितीच्या रेट्याने तिला जेमी फ्रेझर या तरुणाशी लग्न करावे लागते. प्रेम त्या लग्नानंतर येते.

आमचा वाद कालप्रवासाबद्दल नाही. कथेच्या मध्यावर क्लेअर थांबायला सांगितलेल्या जागेवरून निघून जाते, इंग्रज सैनिकांच्या हाती सापडते, तिला सोडवताना जेमी आणि त्याच्या सोबत्यांचे जीव धोक्यात येतात, आणि त्याची शिक्षा म्हणून जेमी तिला पट्ट्याने मारतो. पुढे तो तिच्यावर पुन्हा हात न उचलण्याची शपथ घेतो आणि दोघे एकत्र राहतात. ‘त्या काळी असेच होते’ असे कोणीतरी म्हणाले, आणि त्या वाक्यावर गट दुभंगला. मला कादंबरी मनापासून आवडली, परंतु ते प्रकरण वाचून झाल्यावर मी दोन दिवस पुस्तक उघडू शकले नाही. ज्यांनी ती वाचली आहे त्यांनी, वाचताना स्वतःच्या मनात काय घडले ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

निवृत्त परिचारिका, शाहूपुरी

मी ही कादंबरी क्लेअरच्या हातांसाठी वाचली. १७४३ मध्ये पोहोचल्यावर पहिल्याच रात्री ती जेमीचा निखळलेला खांदा बसवते. भोवतालचे पुरुष जोर लावून हाड मोडतील हे तिच्या लक्षात येते आणि ती कोणाची परवानगी न मागता पुढे होते. आयुष्यभर वॉर्डात काम केलेल्या बाईला हा क्षण समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या अंगावर काटा आला तो चेटकिणींच्या खटल्याच्या वेळी. क्लेअरबरोबर आरोपी असलेल्या गेलिसच्या दंडावर देवी काढल्याचा वण दिसतो, आणि हीदेखील आपल्याच काळाकडून आलेली आहे हे क्लेअरला कळते. जेनरची लस आली १७९६ मध्ये. त्याआधी पन्नास वर्षे तसा वण कोणाच्याही अंगावर असणे शक्य नव्हते. आमच्या पिढीतील बहुतेकांच्या अंगावर तो वण आहे. क्षयाच्या बीसीजी लसीच्या वणाहून तो मोठा आणि पसरट असतो, आणि नोकरीत असताना मी रुग्णाच्या वयाचा अंदाज त्यावरून बांधत असे. माणसाचा काळ त्याच्या कातडीवर लिहिलेला असतो, ही गोष्ट लेखिकेने शब्दही न वाढवता दाखवली. पट्ट्याच्या प्रसंगाचा मलाही संताप आला, पण त्या प्रसंगानंतर क्लेअरची बुद्धी आणि तिचे काम थांबत नाही, म्हणून मी वाचत राहिले.

महिला समुपदेशन केंद्रातील कार्यकर्ती

मी पुस्तक त्या प्रकरणापर्यंत आनंदाने वाचले आणि तेथे मिटले. नंतर गटातील मैत्रिणीच्या आग्रहाखातर पूर्ण केले, पण माझे मत बदललेले नाही.

माझ्यासमोर आठवड्याला अनेक स्त्रिया बसतात. त्यांतील बहुतेकींचे बोलणे जवळपास एकाच वाक्याने सुरू होते: ‘चूक माझीच होती, म्हणून त्यांनी हात उचलला.’ कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला, तरी हे वाक्य गेलेले नाही. कादंबरीत मार खाल्ल्यानंतर क्लेअर संतापते, त्याला जवळ येऊ देत नाही, त्याला शपथ घ्यायला लावते. हे सर्व मला मान्य आहे. परंतु जेमीला लहानपणी वडिलांकडून मिळालेल्या मारांचे किस्से तो तिला सांगतो आणि वातावरण हळूहळू हलके होऊन ती हसू लागते, तेथे मला लेखिकेचा हात दिसला. वाचकाने त्याला माफ करावे यासाठी ती रस्ता तयार करीत होती. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांसाठीही सासर-माहेरची माणसे नेमका असाच रस्ता तयार करीत असतात. शपथ मोडली गेली की त्या पुन्हा माझ्यासमोर येतात.

इतिहासाचे शिक्षक, राजारामपुरी

‘त्या काळी असेच होते’ हा बचाव मला इतिहासाच्या बाजूनेच टिकणारा वाटत नाही. ब्रिटिश संसदेने १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच रद्द केला होता, आणि स्कॉटलंडमध्ये त्या आरोपाखाली झालेला शेवटचा देहदंड १७२७ मधील मानला जातो. तरीही कादंबरीत १७४३ मध्ये असा खटला उभा राहतो, कारण कथेला तो हवा आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. कादंबरीकाराला ती मोकळीक असावी. मात्र जेथे गरज पडली तेथे लेखिकेने इतिहास वाकवला असेल, तर पट्ट्याच्या प्रसंगी इतिहासाने तिचे हात बांधले होते असे आपल्याला म्हणता येत नाही. तो प्रसंग तिची निवड आहे आणि त्याचा जाब तिलाच विचारला पाहिजे.

शिवाय ‘तो काळ’ म्हणजे तरी काय? त्याच अठराव्या शतकात, १७६० नंतर, करवीर राज्याचा कारभार जिजाबाई राणीसाहेबांनी चालवला. एका शतकात अनेक प्रकारच्या स्त्रिया एकाच वेळी जगत होत्या.

एक ज्येष्ठ वाचक, मंगळवार पेठ

करवीर नगर वाचन मंदिरातील ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून मी मोठा झालो, आणि कालप्रवास हा परदेशी प्रकार आपल्याला पचणार नाही अशी माझी समजूत होती. ही कादंबरी वाचताना मात्र मला रेवतीची कथा आठवली. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तेथे गायन चालू होते म्हणून थोडा वेळ थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली. ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून रेवतीचे लग्न बलरामाशी झाले. ती मागच्या युगातील असल्याने फार उंच होती, तेव्हा बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून त्या युगाच्या मापाची केली.

ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आणि आजवर तिच्यावर हसत आलो. क्लेअरला पट्ट्याचा मार बसला तेव्हा मला प्रथमच त्या नांगराचे टोक बोचले. दुसऱ्या काळातून आलेल्या बाईला आपल्या मापाची करून घेतल्याशिवाय घरात घेता येत नाही, हे पुराणकारांनीही नोंदवून ठेवले होते. क्लेअरची उंची मात्र त्या माराने कमी झाली नाही, हे मला कादंबरीचे मोठे यश वाटते. समुपदेशन करणाऱ्या ताईंना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

गृहिणी, मूळच्या अमरावतीच्या

जेमी क्लेअरला ‘सॅसनॅक’ म्हणतो. तो शब्द तेथील लोक परक्यांसाठी, इंग्रजांसाठी तुच्छतेने वापरतात, आणि त्याच्या तोंडी तो हळूहळू लाडाचा होत जातो. माझे लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा सासूबाई मला शेजारणींसमोर ‘आमची वऱ्हाडीण’ म्हणत, आणि पहिली दोन वर्षे तो शब्द मला टोचत असे. माझ्या भाकरीची, माझ्या ‘करून राहिली’ची सगळे मिळून थट्टा करीत. तिसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. रुग्णालयात सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, ‘आमच्या वऱ्हाडणीला लवकर बरं करा.’ शब्द तोच होता. या कादंबरीतील प्रेमावर माझा विश्वास बसला तो त्या एका शब्दामुळे. प्रणयाची वर्णने मला लांबलेली वाटली.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी

दोनशे पानांनंतर सोडली. पहिला नवरा फ्रँक तिकडे तिची वाट पाहत असताना तिला दुसऱ्याच्या प्रेमात पडलेले वाचणे मला जमले नाही. कादंबरीवरची मालिकाही म्हणूनच पाहिली नाही.

दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड चालणारा एक वाचक

पट्ट्याचा प्रसंग मला खटकला, पण मला रात्री झोपू दिले नाही ते १७४६ या सालाने. क्लेअरला ठाऊक असते की १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधील कलोडनच्या माळावर सरकारी फौजेकडून ही सारी माणसे तासाभराच्या आत कापली जाणार आहेत, आणि त्यानंतर त्यांच्या पोशाखावरही बंदी येणार आहे. ती त्यांच्याबरोबर जेवते, त्यांच्या जखमा बांधते, त्यांची गाणी ऐकते, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तिला ते साल दिसत राहते.

जुलैच्या पावसात पन्हाळ्यावरून निघताना आम्हा सर्वांना शेवट ठाऊक असतो. बाजीप्रभू परतणार नाहीत हे माहीत असूनही प्रत्येक वर्षी खिंड जवळ आली की चालणाऱ्यांचे बोलणे आपोआप थांबते. क्लेअर आठशे पाने त्याच शांततेत चालते, असे मला वाटले. परतताना मी गडाचा पडका तट पुन्हा पाहिला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. हायलँडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या त्या डोंगराळ भागातील माणसांची शस्त्रे काढून घेतली गेली, आपल्या गडकऱ्यांचे गड गेले. प्रेमकथा म्हणून हातात घेतलेल्या पुस्तकाने मला हे दाखवले, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे.

निवृत्त सुभेदार, शिरोळ तालुका

सगळे क्लेअरच्या माराबद्दल लिहीत आहेत. शेवटी तुरुंगात जेमीवर जो अत्याचार होतो त्याबद्दल कोणीच लिहिलेले नाही, आणि आमच्या गटातही त्यावर कोणी बोलले नव्हते. सैनिकाच्या छातीवरची जखम गावात अभिमानाने दाखवता येते. ही जखम चावडीवर सांगता येत नाही, बायकोला सांगता येत नाही. जेमीला जगण्याची इच्छा उरत नाही, आणि क्लेअर त्याला नुसत्या औषधाने नव्हे तर त्याच्याशी अक्षरशः झुंजून परत आणते. ती पाने काहींना भडक वाटली. मलाही काही तपशील नको होते. पण पुरुषाच्या अशा दुःखाला एवढी जागा दिलेली मी यापूर्वी कोठे वाचली नव्हती. ज्या माणसाने बायकोवर पट्टा उचलला, तोच पुढे कोणाच्या तरी हाताखाली असहाय होतो, हे लेखिकेने मुद्दाम केले असावे असे मला वाटते.

एक मुलगा, आईला वाचून दाखवणारा

माझ्या आईला आता दिसत नाही. मी रोज रात्री या कादंबरीची काही पाने इंग्रजीतून वाचून आमच्या घरच्या बोलीत तिला सांगतो. गेल्या आठवड्यात ते प्रकरण आले. मी दोन पाने गाळून पुढे गेलो. आई म्हणाली, ‘मधलं काय गिळलंस?’ मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग ‘आज ऱ्हाऊ दे’ म्हणून कुशीवर वळली. माझे वडील आता हयात नाहीत.

तीन रात्री तिने पुस्तकाचे नाव काढले नाही. काल जेवण झाल्यावर ती म्हणाली, ‘ते गाळलेलं आधी वाच. आणि तिनं त्याला काय उत्तर दिलं, ते सगळं वाच. त्यातलं काय बी सोडू नगंस.’