मदत हवी आहे: भावावर कंपनीनं चोरी-फसवणुकीचा आळ घेतलाय आणि हा लिहून देऊन बसलाय

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथं नुसती वाचत होते, लिहायची वेळ अशी येईल असं वाटलं नव्हतं.

धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. ११ वर्षं झाली. मशिनिंगचं बोरिंग (यंत्रावर निघणारा धातूचा कीस) आणि भंगार व्यापाऱ्याकडं जातं, त्याचे गेटपास हाच करतो. ऑडिटनंतर कंपनी म्हणते, दीड वर्षात कागदावर दिसतोय त्यापेक्षा ४ लाख ८० हजारांचा जास्त माल बाहेर गेलाय.

मागच्या सोमवारी त्याला दुपारी ३ पासून रात्री ९ पर्यंत केबिनमध्ये बसवून ठेवला. मोबाईल काढून घेतला. "लिहून दे, दोन चेक दे, पोलिसात जात नाही." यानं मॅनेजर सांगेल तसं लिहून दिलं आणि दोन कोऱ्या चेकांवर सह्या केल्या. घरी आला तो न जेवता झोपला. शुक्रवारी कंपनीनं तरीही पोलिसात अर्ज दिलाच. आज ठाण्यातून फोन, "उद्या येऊन जावा."

त्यानं गेटपास बुकाचे फोटो काढून ठेवलेत. त्यातले दोन पास जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवशीचे आहेत, खाली याची सही. त्या दिवशी हा आमच्याबरोबर वाडी रत्नागिरीला होता, गुलालानं लाल झालेला फोटो माझ्याच फोनमध्ये आहे. शिवाय त्याचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड मॉनिटरला चिठ्ठी चिकटवून लिहिलेला. कुणीही उघडावं.

एक गोष्ट लपवत नाही. मी त्याला देव्हाऱ्यापुढं बसवून विचारलं. म्हणाला, दोन दिवाळ्यांना भंगारवाल्यानं मिठाईबरोबर २-२ हजारांचं पाकीट दिलं, ते घेतलं. बाकी काही नाही.

उद्या जावं का? लिहून दिलंय म्हणजे संपलंच का? पैसे भरून मिटवावं असं आई म्हणतेय.

काळाकोट_कोल्हापूर:
ताई, आधी दम घ्या. नुसता फोन म्हणजे नोटीस नव्हे. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली रीतसर लेखी मिळाली पाहिजे. व्हॉट्सॲपवरची चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये सांगितलंय. पण म्हणून दडून बसू नका. वकिलामार्फत कळवा की लेखी बोलवा, हजर राहतो.

अशा प्रकरणात साधारण भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात: नोकरानं केलेली चोरी ३०६, नोकरानं केलेला विश्वासघात ३१६(४), फसवणूक ३१८(४), खोटे हिशेब ३४४. प्रत्येकाला ७ वर्षांपर्यंत शिक्षा. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल. तरी अटकपूर्व जामिनाचा अर्ज (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८२) कसबा बावड्याच्या सत्र न्यायालयात आजच तयार ठेवा, त्याला एफआयआरची वाट बघावी लागत नाही. तिथं नाही झालं तर हायकोर्ट. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आलंय, मुंबईच्या गाडीचं भाडं वाचलं.

एक मुद्दा लक्षात ठेवा. विश्वासघातात माल आधी विश्वासानं ताब्यात दिलेला असतो, फसवणुकीत लबाडीची नियत पहिल्यापासून लागते. एकाच व्यवहारावर दोन्ही लावता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये बजावलंय. कंपन्या दोन्ही ठोकून देतात, वकिलानं ते उचलावं.

लिहून दिलंय म्हणून संपलं नाही. धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, साक्ष अधिनियम कलम २२. मात्र ते तसं घेतलं हे आजच्या आज लेखी सांगितलेलं बरं. उशीर झाला की "नंतर सुचलं" म्हणतात. कंपनीला आणि पोलिसांना रजिस्टर पोस्टानं कळवा: किती वाजता बसवलं, कोण कोण होतं, मोबाईल कुणाकडं होता. त्याच पत्रात केबिनबाहेरचं सीसीटीव्ही, यात्रेच्या दिवसाची हजेरी आणि मूळ गेटपास बुक जपून ठेवा असंही लिहा. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं.

पाकिटाची गोष्ट वकिलाला पहिल्या भेटीत सांगा. इथं जाहीर लिहायला नको होती.

भट्टीवाला:
मी यातलाच. बोरिंग कूलंटनं ओलं असतं. गाडीत भरताना निथळत असतं आणि दोन दिवस उन्हात पडलं की वजन उतरतं. ऑडिटवाल्यानं कुठलं वजन धरलं, ओलं की वाळलेलं? बाहेरच्या वजनकाट्याची पावती आणि गेटपासचं वजन शेजारी ठेवून गाडी-गाडीचा हिशेब मागा. ४ लाख ८० हजार हा आकडा कसा आला, ते आधी दाखवू दे की.

साधा_माणूस:
कोर्टाची पायरी नको ओ. मागतील तेवढं देऊन मोकळं व्हा.

काळाकोट_कोल्हापूर:
नुसते पैसे भरले तर ती कबुली धरतील, आणि गुन्हा दाखल झाल्यावर तडजोडीलाही कोर्टाची परवानगी लागते. ताई, चेकचं विसरू नका. बँकेत स्टॉप पेमेंट केलं तरी चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस होऊ शकते. चेक परत आल्याची नोटीस मिळाली की १५ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, फोन १५१००.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. पाकिटाचं लिहिलं ते चुकलंच, आता खोडता येईना. आज पत्रं पोस्टात टाकली, पोचपावतीसकट. वकील भेटले, अर्ज सोमवारी लागतोय. काट्यावर भाऊजी जाऊन आले. मालक म्हणाला, जुन्या पावत्यांची बुकं पोत्यात भरून माळ्यावर टाकलीत, शोधून घ्या. उद्या सकाळी दोघं जण घेऊन जातो.

भट्टीवाले दादा, तुमच्याकडं ओल्या आणि वाळलेल्या बोरिंगच्या वजनाची एखादी जुनी नोंद असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडी नंबरासकट असली तर फारच बरं.