तोल्काप्पियम म्हणजे संस्कृतची कॉपी? निदान तिसरा भाग तरी उघडून बघा

कावेरीकाठी:
परवा इथेच एकाने लिहिलं की तमिळ लोक ज्याचा एवढा अभिमान बाळगतात ते तोल्काप्पियम, तमिळचं प्राचीन व्याकरण, म्हणजे संस्कृत व्याकरणाची कॉपी आहे, आठ विभक्त्यासुद्धा तशाच्या तशा उचलल्यात. खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. एकानेही विचारलं नाही की बाबा, तू ते उघडून पाहिलंस का. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून सविस्तर लिहिते.

तीन अधिकारम म्हणजे भाग, प्रत्येकात नऊ इयल म्हणजे प्रकरणं, सूत्रं सोळाशेच्या आसपास. पहिला भाग एळुत्तु, म्हणजे अक्षरं आणि संधी. दुसरा सोल, म्हणजे शब्द. इथपर्यंत पाणिनीशी तुलना करा, हरकत नाही. पण तिसरा पोरुळ, त्याचं काय? त्यात कविता कशी रचायची, कुठल्या भूमीत प्रेमाची कुठली अवस्था गायची हे सांगितलंय. डोंगरातल्या कुरिंजीत मीलन, रानातल्या मुल्लैमध्ये पावसाळ्याच्या संध्याकाळी नवऱ्याची वाट बघणं, शेतीच्या मरुदममध्ये रुसवा, समुद्रकाठच्या नेय्दलमध्ये विरहाचा आकांत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत हे कुठल्या पानावर आहे ते दाखवा.

आणि सोलमध्येसुद्धा पहिलाच मुद्दा नामांच्या दोन जातींचा, उयर्तिणै आणि अह्रिणै. माणसं एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे. स्त्री-पुरुष हा भेद फक्त माणसांत. मी लग्न होऊन तिरुचीला आले त्याला चौदा वर्षं झाली. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि मुलगा चार वर्षांचा असताना मला विचारायचा, आई, खुर्ची बाई का आहे? पंखा बुवा का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या मित्रांच्या भाषेत हा प्रश्नच पडत नाही आणि त्याचं कारण दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी नीट लिहून ठेवलंय. संस्कृतवरून कॉपी केली असती तर तीन लिंगं आली असती ना.

सह्यकडा:
ती पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. ग्रंथाला पनंपारनारचं जे पायिरम, म्हणजे प्रस्तावना, जोडलंय त्यात ग्रंथकाराला "ऐंदिरम निरैंद तोल्काप्पियन" म्हटलंय, म्हणजे संस्कृतच्या ऐंद्र व्याकरणात मुरलेला. हे मी म्हणत नाही, तमिळ परंपराच म्हणते. बर्नेल या इंग्रज अभ्यासकाने 1875 मध्ये याच धाग्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. विभक्त्या सात, संबोधन धरून आठ, क्रमही तोच. तुमच्या लाडक्या तिसऱ्या भागात मरुदमचा देव वेंदन, म्हणजे टीकाकारांच्या मते इंद्र, आणि नेय्दलचा देव चक्क वरुण! भाव आठ, नाट्यशास्त्रात रस आठ. एवढं सगळं योगायोगाने जुळत नाही. आणि मी चिडलो होतो ते तमिळ सात हजार वर्षं जुनी म्हणणाऱ्या फॉरवर्डवर. तमिळ आधी, बाकी जग नंतर, हे रोज सकाळी वाचून कंटाळा आलाय.

कावेरीकाठी:
सात हजारवाल्यांची वकिली मी केलेली नाही, तो राग माझ्यावर काढू नका. संस्कृतशी संबंध नाही असंही म्हटलेलं नाही. पण शब्दांचे चार प्रकार सांगताना चौथा आहे वडसोल, उत्तरेकडचा शब्द, आणि त्याचा नियम असा की तो घ्यायचा तर उत्तरेची अक्षरं सोडून द्यायची आणि तमिळ अक्षरांत बसवून घ्यायचा. कॉपी करणारा माणूस असा नियम लिहील का? हा दार कुठपर्यंत उघडायचं ते ठरवणारा माणूस आहे.

जुना_मास्तर:
हे वाचलं आणि राहवलं नाही. संस्कृत शब्द घ्या पण आपल्या अक्षरांत बसवा, हे आपल्याला का सुचलं नाही हो? आपण तत्सम म्हणून मूळचे ऱ्हस्वदीर्घ सांभाळत बसलो आणि पोरांचे मार्क कापत बसलो. विभक्तीचं तर विचारूच नका. एकतीस वर्षं सातवीला मराठी शिकवलं. स ला ते, स ला ना ते. द्वितीयेला तेच, चतुर्थीला तेच! एका मुलीने "रामाला पुस्तक दिले" मध्ये द्वितीया लिहिलं, मी चूक दिली, ती टेबलाशी येऊन म्हणाली सर, "रामाला मारले" मध्ये द्वितीया आणि इथे चतुर्थी, मी ओळखायचं कशावरून? अर्थावरून, म्हटलं. ती म्हणाली मग प्रत्यय कशाला पाठ करायचे. तिचे मार्क मी वाढवले नाहीत, कारण उत्तरपत्रिका वरून तपासली जायची. आज तिची माफी मागावीशी वाटते. तमिळमध्ये दुसरीला ऐ, चौथीला कु, वेगळं दिसतं तरी.

नियमनिष्ठ:
मास्तर, विषय तमिळचा चाललाय. पण आलात तर ऐका. विभक्ती म्हणजे नुसता प्रत्यय नाही, त्यामागे कारकाचा, म्हणजे शब्दाचं क्रियेशी नातं काय याचा, विचार आहे. दामल्यांचं मराठी व्याकरण 1911 सालचं, तेव्हापासून यावर वाद झालेत, तुम्हीच पहिले नाही. साचा काढून टाकला तर पुढे संस्कृत शिकणाऱ्या मुलांचं काय? माझी मुलगी त्या आठ विभक्त्यांमुळेच आठवीला संस्कृतमध्ये टिकली.

जुना_मास्तर:
म्हणजे शंभरातल्या ज्या वीस पोरांना पुढे संस्कृत घ्यायचंय त्यांच्यासाठी ऐंशींनी मराठी चुकीची शिकायची? माझ्या वर्गात धनगरांची पोरं होती, घरी अस्सल मराठी बोलणारी, आणि व्याकरणाच्या तासाला त्यांना वाटायचं आपल्याला मराठी येत नाही. तुम्हाला तुमच्या मुलीचं कौतुक आहे, असू द्या. मला ती पोरं दिसतात.

नियमनिष्ठ:
माझ्या मुलीला मध्ये आणायचं कारण नव्हतं.

जुना_मास्तर:
तुम्हीच आणलंत. पण ठीक आहे, तेवढं वाक्य मागे घेतो. ऐंशी पोरांचं मात्र घेत नाही.

लेणीफिरस्ता:
काळाबद्दल कोणी बोलतच नाहीये. तोल्काप्पियम सांगतं की स्वर नसलेल्या व्यंजनावर टिंब, म्हणजे पुळ्ळी, द्यायची. आता जुने तमिळ ब्राह्मी लेख बघा, सुरुवातीच्यांत पुळ्ळी नाही. या लेखांचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी नेमका हाच मुद्दा धरला आणि ग्रंथ इ.स. दुसऱ्या शतकाच्या आधी नेता येत नाही असं म्हटलं. तमिळचे अभ्यासक झ्वेलेबिल सर्वांत जुना थर त्याआधीचा मानतात आणि शेवटचा हात पाचव्या शतकात फिरला असं म्हणतात. म्हणजे ज्या काळात हे घडत होतं त्याच सुमाराला सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषेतला मजकूर होता! त्या लोकांना दोन्हीकडचं कळत होतं, कोणी कोणाचं चोरलं हे भांडण त्यांचं नव्हतं. मी जुन्नरला ते नाणं कुठे बघायला मिळेल म्हणून तीन ठिकाणी फिरलो, एका ठिकाणी कपाटाची किल्ली सापडेना. आपल्याकडच्या गोष्टीची ही अवस्था, आणि आपण तमिळांच्या ग्रंथाची लायकी ठरवतोय.

सह्यकडा:
लायकी ठरवली नव्हती. पुळ्ळीचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, पाणिनी त्याच्या कितीतरी आधीचा. पण वडसोलचं सूत्र काल रात्री शोधून वाचलं. कावेरीकाठी म्हणतात तसंच आहे. "कॉपी" शब्द मागे घेतो, "संस्कृत व्याकरण चांगलं ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेलं" असं वाचावं. याच्यापुढे एक पाऊल येणार नाही. वरुण तिथेच आहे.

कावेरीकाठी:
राहू दे वरुण, समुद्रकाठी शोभतो. तुमचं नवं वाक्य मला मान्य आहे, हे पहिल्या दिवशी लिहिलं असतंत तर मी एवढं टाइप केलं नसतं.

मास्तर, तुमच्यासाठी एक. मुलगा आता सातवीत आहे, त्याला विभक्ती पाठ करताना ऐकलं, ऐ, आल, कु, इन, अदु, कण. तोल्काप्पियमच्या यादीत तिसरीला आल नाही, ओडु आहे, म्हणजे आपलं "शी", रामाशी बोललो मधलं. नंतर तेराव्या शतकात नन्नूल हे दुसरं तमिळ व्याकरण आलं आणि त्याने तिथे आल ठेवलं, "ने"च्या अर्थाचं.

जुना_मास्तर:
म्हणजे त्यांनी यादी बदलली? आणि आभाळ कोसळलं नाही?

नियमनिष्ठ:
एक प्रत्यय बदलला, मास्तर. सातच्या सात विभक्त्या तिथेच आहेत. नीट वाचा.