मदत हवी आहे: जात्यावरच्या ओव्यांचा अल्बम, श्रेय कुणाचं लिहायचं आणि पुण्यातला प्रयोग

नमस्कार मंडळी,

इथं बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. आम्ही पुण्यातले सहा जण मिळून एक बँड चालवतो. संबळ, दिमडी, तुणतुणं, गिटार, बेस, आणि मी गाते. गोंधळ, वाघ्या-मुरळीची गाणी, भारुडं, ओव्या. सहा वर्षं कार्यक्रम केल्यावर आता पहिला अल्बम तयार झालाय, आठ गाण्यांचा. मिक्सिंग झालं, मुखपृष्ठ झालं, आणि ऐन तारीख ठरवायच्या वेळी मी अडकलेय. प्रश्न दोन-तीन आहेत, पण पहिला मला खरंच झोपू देत नाही, म्हणून तोच सविस्तर लिहिते.

आठांतली तीन गाणी माझ्या थोरल्या आत्याकडून आलीत. ती जुन्नर तालुक्यात असते, वय ऐंशीच्या पुढं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळं सामान घेऊन तिच्याकडं गेलो. तिला खुर्चीत बसवलं, समोर माइक लावला. दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. पुढचं आठवेचना. म्हणाली, "हाताला खुंटा नाय तं तोंडाला ववी कशी यायची?" मग पडवीतलं जातं ओढून काढलं, धुतलं, नवा खुंटा ठोकला. रिकामं फिरवलं तर दगडावर दगड घासून नुसता करकराट. "मूठभर जोंधळं टाका की," असं तिनंच सांगितलं. दाणा पडला तशी घरघर मऊ झाली, आणि बाई जी सुरू झाली ती पाऊण तास थांबली नाही. वैरण, म्हणजे मुठीतला दाणा, घालताना दुसरा हात जरा सैल पडायचा, तेवढ्यापुरती लय पसरायची आणि परत भरून यायची. आमचा बेसवाला कानात क्लिक, म्हणजे ठेका धरून देणारी टिकटिक, लावून बसला होता, त्यानं मुकाट्यानं तो काढून ठेवला. अल्बममध्ये ते तसंच आहे. त्या तीन गाण्यांत आम्ही सगळे आत्याच्या हातावर वाजवलंय.

आता अडचण. गाणी ॲपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्मवर प्रत्येक गाण्याचा गीतकार आणि संगीतकार भरावा लागतो. मी दोन्हीकडं 'पारंपरिक' लिहून मोकळी झाले, सगळे तसंच लिहितात. पण त्या ओव्यांतल्या काही आत्यानं स्वतः रचलेल्या आहेत. धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, कामासाठी पुण्याला निघाले त्या दिवसाची ओवी आहे. तिच्यात त्यांचं नाव येतं, स्वारगेट येतं. ती पारंपरिक कशी म्हणायची? बाकीच्या तिला सासूकडून मिळाल्या, सासूला कुणाकडून ते कुणालाच ठाऊक नाही. आत्याला विचारलं तर म्हणते, "बाईनं बाईला दिली, त्यात माझं काय आन् तिचं काय." तिनं असं म्हणणं हा तिचा मोठेपणा. पण त्याचा आधार घेऊन आम्ही तिचं नाव गाळलं तर ती सरळ चोरी होईल, असं मला वाटतं.

माझ्यासमोर याबाबतीत जे उदाहरण आहे तेही पुण्यातलंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी इथून काम उभं करून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीच्या नावागावासकट वाचता येतात, त्यातल्या बऱ्याच ऐकताही येतात. एवढ्या मोठ्या संग्रहात एकेका बाईचं नाव जपता येतं, तर आमच्या तीन गाण्यांत का नाही? पण ते कुठल्या रकान्यात, कसं भरायचं, पैशांची वाटणी कागदावर कशी आणायची, हे कुणी केलंय का?

दुसरं. आम्ही प्रसिद्धीसाठी अल्बममधल्या गोंधळाचा एक तुकडा यूट्यूबवर टाकला. दोनच दिवसांत एका संगीत कंपनीचा दावा आला की हे आमचं आहे. वाजवलंय सगळं आम्ही, गायलंय मी. त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण त्यांचं असेल, गोंधळ त्यांचा कसा? हरकत नोंदवली आहे, त्यांना उत्तर द्यायला तीस दिवस असतात. तोवर अल्बम थांबवावा का?

तिसरं, प्रयोग. बालगंधर्व किंवा कोथरूडचं यशवंतराव, ही मोठी नाट्यगृहं आम्हाला झेपणार नाहीत. सुदर्शन रंगमंच आणि हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह बघून आलो. दीड-दोनशे माणसं आली तरी आम्हाला भरून पावेल. मंडळाच्या मांडवात फुकट कार्यक्रमाला गर्दी होते, पण तीच माणसं तीनशे रुपयांचं तिकीट काढतील का, याचा अंदाज येत नाही. मागच्या वर्षी एका कॅफेत केला होता. पन्नास माणसं तुम्हीच आणा, कमी पडली तर तुमच्या मानधनातून कापू, अशी अट होती. पस्तीस आली. आमचा संबळवादक गोंधळ्यांच्याच घरातला आहे, हडपसरहून येतो. जागरणाला गेला तर त्याला मानाचा नारळ, शिधा आणि बिदागी मिळते. त्या रात्री त्याच्या हातात पेट्रोलपुरते पैसे पडले. तो काही बोलला नाही, मलाच त्याच्याकडं बघवेना. असं पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

चंपाषष्ठीच्या सुमाराला करावा असं मनात आहे, कारण तीन गाणी खंडोबाची आहेत. पण तेव्हाच सवाई गंधर्व महोत्सव असतो, लग्नं असतात. आणि बंद नाट्यगृहात दिवटी पेटवू देत नाहीत. दिवटीशिवाय गोंधळ उभा करायला आमचा संबळवादक तयार नाही, आणि मला त्याचं पटतं.

कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा. आगाऊ आभार.

प्रतिसाद:

ताई, मी ध्वनीचं काम करतो, त्यामुळं तारीख आणि वेळेबद्दल बोलतो. संध्याकाळचा हट्ट कशाला? ओवी मुळात पहाटेची. पुण्याला दिवाळी पहाटेमुळं उजाडता उठून गाणं ऐकायची सवय आहे. रविवारी सकाळी साडेसहाला ठेवा. त्या वेळी सवाईशी टक्कर नाही, लग्नाच्या मुहूर्तांशी नाही, आणि सभागृह सकाळच्या सत्राला मिळणंही सोपं जातं. दिवटी आत नेऊ नका. अंगणात पेटवा, लोकांना तिच्याभोवती उभं करून पहिला गोंधळ बाहेरच विनामाइक म्हणा, मग संबळ वाजवत सगळ्यांना आत न्या. व्यवस्थापकांना आधी लेखी कळवा. उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते, तुम्ही सहानंतर आहात. आणि पहाटेच्या दमट हवेत संबळाचं कातडं उतरतं, तेव्हा तास-दीड तास आधी या आणि शेकायची सोय बघून ठेवा. तिकीट तीनशेच ठेवा, कमी करू नका. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही.

दारात पेन ड्राइव्ह विकायला ठेवा. गावाकडची माणसं ॲपवर शोधत बसत नाहीत, गाडीत लावतात.

प्रतिसाद:

श्रेयाबद्दल. मी वकील नाही, पण स्वतःची गाणी प्रकाशित केलीत. ज्या ओव्या आत्यांनी रचल्या त्यांच्या कवी आत्याच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात रचनाकाराचा हक्क हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं असतो. त्या निरक्षर असल्या, ओवी कधी कागदावर उतरली नसली तरी आता ध्वनिमुद्रण झालंय. गीतकार म्हणून त्यांचं नाव लिहा. सासूकडून आलेल्या ओव्यांना 'पारंपरिक' ठीक, पण त्या गायल्यात आत्यांनी, म्हणून तिन्ही गाण्यांना त्यांना सहगायिका म्हणून कलाकाराच्या रकान्यात घाला. तसं केलं की गाण्याच्या नावाखाली बँडशेजारी त्यांचं नाव दिसतं. गायक-वादकांचा सादरीकरणाचा वेगळा हक्क कायद्यात आहे, पन्नास वर्षांचा. वाटणीचा कागद मराठीत करा आणि त्यांना वाचून दाखवा. '२०१२च्या दुरुस्तीनंतर' हे शब्द लक्षात ठेवा: गीतकारानं आपला रॉयल्टीचा वाटा सोडला असं लिहून घेतलं तरी चालत नाही, तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी, तिचं सदस्यत्व त्यांच्या नावानं घ्या.

यूट्यूबचा दावा त्या एका व्हिडिओवर आहे, त्यासाठी अल्बम अडवू नका. मात्र एक गोष्ट नक्की करा. डिस्ट्रिब्यूटर विचारेल की यूट्यूबवर तुमचा आवाज ओळखून आपोआप दावा लावायची सोय हवी का. गोंधळाला आणि पारंपरिक ओव्यांना 'नको' म्हणा. तुमच्यावर जो दावा आला तो असाच आला असणार. उद्या जेजुरीच्या एखाद्या वाघ्यानं तेच गाणं टाकलं तर तुमच्या नावानं त्याला नोटीस जाईल.

आणि गाणी महिनाभर आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. ऐन वेळी सगळ्यांचीच धावपळ होते.

धागाकर्तीचं उत्तर:

दोघांचेही मनापासून आभार. पहाटेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बँडच्या ग्रुपवर टाकलं आणि पाचही जणांचा होकार दहा मिनिटांत आला. आपोआप दाव्याची खूण मी नकळत आठही गाण्यांना केली होती, ती आज सकाळी सगळ्यांत आधी काढली. त्या वाघ्याचा विचार करून अंगावर काटा आला.

काल रात्री आत्याला फोन लावला. कुठल्या ओवीला कुणाचं नाव ते वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या जावंचं नाव कुठंय?" जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. पहिली ओळ हिची, दुसरी जावेची. माझ्या वडिलांची ती ओवीसुद्धा अर्धी जावेनं जोडलेली, आणि आत्याला आजही त्यातली कुठली ओळ कुणाची ते बोट ठेवून सांगता येतं. जाऊ जाऊन बारा वर्षं झाली. तिची मुलगी ओतूरला असते.

तेव्हा आता गीतकाराच्या रकान्यात दोन नावं आहेत. हयात नसलेल्या कवयित्रीच्या वाट्याचे पैसे तिच्या मुलीपर्यंत पोचवायचे तर आयपीआरएसकडं वारस म्हणून नोंद कशी करायची, कोणते कागद लागतात, हे कुणी केलं असेल तर सांगाल का? येत्या शनिवारी मी ओतूरला जाणार आहे, त्याआधी कळलं तर कागद सोबत नेता येतील.