जपानीत म्हणे शिव्याच नाहीत!

कांजीकट्टा: ‘जपानी इतके सभ्य, की त्यांच्या भाषेत शिवीच नाही’ असं परवा कुणीतरी इथे लिहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. साफ चूक. आई-बहिणीवरून शिव्या कमी, एवढंच खरं. तिथे माणसाची लायकी काढतात ती सर्वनामातून आणि क्रियापदातून. ‘किसामा’ म्हणजे ‘तू’; एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) सुरुवातीला सामुराई तो पत्रात आदराने लिहीत. झिजत झिजत आज तोंडावर म्हटलं तर मारामारी. ‘तेमे’ म्हणजेही उर्मट ‘तू’; ते आलं ‘तेमाए’वरून, आणि तेमाए म्हणजे नम्रपणे ‘मी’! क्रियापदाचं सभ्य शेपूट ‘मासु’ काढा, तुच्छतेचं ‘यागारु’ लावा. ताबेमासु म्हणजे खातो, ताबेयागारु म्हणजे गिळतोय. कियागात्ता म्हणजे आला कडमडायला. शब्दकोशात शिवी शोधणाऱ्याला हे दिसणारच नाही.

शब्दवेडा: आणि ‘बाका’, म्हणजे मूर्ख? तो आपल्या ‘मोह’वरून आलाय. गाकी (‘कारट्या’) म्हणजे संस्कृतातलं ‘प्रेत’, अतृप्त आत्मा; चिकुशो (‘च्यायला’सारखी शिवी) म्हणजे तिर्यक योनी, पशुजन्म. सगळं बौद्ध धर्माबरोबर इथूनच गेलं.

कांजीकट्टा: कल्पना गेली, शब्द नाही. गाकी हा ‘भुकेलं भूत’ असा चिनी अनुवाद आहे. हा फरक न करता ‘सगळं आपलंच’ म्हणणं मला सहन होत नाही.

ओसाकावाला: मोह-बिह काही नाही. चीनच्या चाओ काओ या सत्ताधारी दरबाऱ्याने दरबारात हरीण आणून ‘हा घोडा’ म्हटलं, त्यावरून बाका. लिहितातच ‘घोडा’ आणि ‘हरीण’ या दोन चिनी अक्षरांनी.

शब्दवेडा: मग दोन्ही अक्षरांचा चिनी वळणाचा उच्चार ‘बारोकु’ व्हायला हवा, ‘बाका’ नव्हे. ‘का’ हा हरणाचा अस्सल जपानी उच्चार. अक्षरं मागाहून चिकटवलीत, हे तरी बघा! आणि एकाच अक्षराचे ‘म’ आणि ‘ब’ असे दोन उच्चार तिथे नेहमीचे: दहा हजाराचं अक्षर ‘मान’ही वाचतात, ‘बान’ही.

ओसाकावाला: बरं, बारोकुचा मुद्दा बिनतोड. पण वापराचं कोण सांगणार? ओसाकात ‘आहो’ (तोही मूर्खच) लाडानेही म्हणतात, ‘बाका’ मात्र झोंबतो. तोक्योत नेमकं उलट. मराठी माणसाने तिथे ‘अहो’ अशी हाक मारताना जपावं.

कांजीकट्टा: धागा यागारुचा होता, बाकाने खाल्ला. उच्चार जुळतो म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. मोह हा एदोकालीन पंडितांचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

शब्दवेडा: ठीक, तर्क म्हणा. पण ‘नाराकु’ म्हणजे थेट नरक, उच्चारासकट. तो तुम्हाला खोडता यायचा नाही.

कांजीकट्टा: खोडलाय कुणी? नाराकु मान्य. पण ती शिवी नाही.