नर्सिंग की न्यूरोसायन्स? घरात रोज तोच विषय

केळीचं_पान
चोपडा तालुका. बारावी पीसीबी झाली, नर्सिंगची सीईटी दिली आहे. मागच्या वर्षी आजोबांना लकवा मारला. ‘वारं गेलं’ म्हणून आम्ही दोन दिवस तेल चोळत बसलो, मग धुळ्याला नेलं. उजवा हात गेलाच. पण पाणी हवं असलं की ते ‘बैल’ म्हणतात, आणि संध्याकाळी हरिपाठ मात्र न अडखळता! तेव्हापासून मला मेंदूचं वेड लागलंय. आई म्हणते, ‘‘बिगर नोकरीनं शिकनं काय कामनं?’’ काय करू?

रात्रपाळी
बेटा, मी न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुमचे दोन दिवस गेले. तुम्हाला बोल लावत नाही, आपल्याकडे अजून असंच चालतं. आमच्याकडे तासातासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या आणि डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांचे मार्क मांडायचे, एकूण 3 ते 15, जास्त तेवढं चांगलं. चौदाचे बारा झाले की आधी कळतं ते आम्हाला, डॉक्टर नंतर येतात. बाकी बेडपॅन आहे, नाईट आहे, नातेवाइकांच्या शिव्या आहेत. चार वर्षांची पदवी, मग नॉरसेट (एम्सची नर्स भरती परीक्षा) निघाली तर एम्समध्ये मूळ पगार 44,900. न्यूरो नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक, म्हणजे नर्सिंग झाल्यावरचा, डिप्लोमाही असतो, बंगळुरूला निमहान्स या मेंदूच्या सरकारी संस्थेत आहे.

तापीकाठ
मी अमळनेरचा, मेंदूवर पीएचडी करतोय. डाव्या मेंदूतलं भाषेचं केंद्र दुखावलं की शब्द हरवतात. पाठ झालेलं आणि गायचं बरेचदा शाबूत राहतं. आजोबांचं तेच असावं. पण मी पेशंट बघतच नाही. उंदीर, मायक्रोस्कोप आणि उरलेला दिवस कोडिंग. एका आलेखाला दीड वर्ष गेलं, तोही चुकला. वाट लांब आहे भो: झूलॉजी किंवा बायोटेकमधून बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र किंवा बंगळुरूची विज्ञान संस्था आयआयएससी, तिथे पीएचडी. नेट (फेलोशिपची देशपातळीवरची परीक्षा) चांगल्या मार्कांनी निघाली तर फेलोशिप महिना 37,000, पण तोवर वय तेवीस-चोवीस. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा निघाली तर पदवी आणि एम.एस. (बी.एस.-एम.एस.) एकत्र पाच वर्षांत होतं. आधी नर्सिंग करून मग इकडे यायचं म्हणशील, तर ती पदवी कुठे चालते ते प्रत्येक संस्थेच्या जाहिरातीत बघावं लागेल.

शेवभाजी_तिखट
खाजगी कॉलेजात पैसे भरण्याआधी इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची मान्यता डोळ्यांनी बघ. एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नाही.

आणि ‘नर्सला स्थळं येत नाहीत’ म्हणणाऱ्या मावशा आमच्याकडेही होत्या. आता बीपी मोजायला बहिणीकडेच येतात.

रात्रपाळी
एक काम कर. आठ दिवस वही घे आणि आजोबा कशाला काय म्हणतात ते लिही. तुझे हात आधी कुठे जातात तेवढं बघ.

तापीकाठ
+1. माझे वहीकडेच गेले असते, खरं सांगतो.

केळीचं_पान
आठ दिवस झाले. ‘बैल’ अकरा वेळा, भाकरीला ‘चाक’ दोनदा. बाकी पानं कोरी आहेत, कारण ते बोलले की मी आधी उठत होते. काल बोट दाखवायला पाणी, भाकरी आणि चष्म्याची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली. त्यांनी बरोबर पाण्यावर बोट ठेवलं!

सिस्टर, निमहान्सच्या त्या डिप्लोम्याला मुलींचं हॉस्टेल आहे का?